सव्वा लाखाचा काळा रंग

यंदा दिवाळीच्या आधी आमच्या इतवाऱ्यातल्या घरचा टीव्ही बदलायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी पुण्यात बसून ठरवलं, ताईने नाशिकहून मम म्हटलं आणि अण्णांना शेवटी कळवलं. बऱ्हाणपूरच्या घरातले बरेचसे निर्णय हल्ली याच क्रमाने होतात. तुमच्यापैकी ज्यांचे आईवडील गावी आणि स्वतः आयटीत, त्यांना वेगळं सांगायला नको.

जुना टीव्ही मीच २०१२ साली, नोकरीतल्या पहिल्या दिवाळीला घेतलेला. ३२ इंची. आता त्याची डावी बाजू काळवंडली होती. बातम्या देणारी बाई उजेडात आणि तिच्यासमोरचा पाहुणा कायम ग्रहणात. पण अण्णांची तक्रार चित्राची नव्हतीच. "चित्राचं जाऊ दे रे, आवाज बसलाय त्याचा. माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात." म्हणून आवाज सत्तरवर. आमच्या गल्लीत अजून यंत्रमागांची खटखट असते, तरी संध्याकाळी सातच्या बातम्या चार घरं पलीकडे ऐकू जायच्या. आई त्या वेळी काही काम नसलं तरी स्वयंपाकघरात जाऊन बसायची.

मी इंजिनिअर माणूस. एक्सेल उघडली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलेला, त्यामुळे हात सैल सुटला होता. एका टोकाला सव्वा लाखाचा ५५ इंची ओलेड, दुसऱ्या टोकाला सतरा हजारांचा ४३ इंची, ज्याच्या कंपनीचं नाव मी त्याआधी कधी वाचलं नव्हतं. मधे अकरा ओळी. खरं सांगू का, मन कधीच ओलेडवर बसलं होतं. वर्षातून दोनदा घरी जाणाऱ्या मुलाला मोठं खोकं घेऊन जायला आवडतं.

ओलेडचं कौतुक खोटं नाही. साध्या एलईडी टीव्हीत पडद्यामागे दिवे असतात आणि पुढचं एलसीडी त्या उजेडाला कुठे अडवतं, कुठे सोडतं. पूर्ण अडवता येत नाही, म्हणून रात्रीच्या दृश्यातला काळा रंग राखाडी दिसतो. ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. विझला की काळा म्हणजे काळाच. जास्तीच्या लाखातले बरेचसे पैसे या काळ्या रंगाचे असतात.

घरी पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी अण्णांना घेऊन शनवाऱ्याच्या बाजूच्या एका दुकानात गेलो. दुकानांतल्या टीव्हींवर नेहमी तेच चालू असतं: रंगीत पोपट, मधाची धार, रात्रीचं शहर. ओलेडवरचं रात्रीचं शहर बघून मी दोन मिनिटं गप्प झालो. अण्णा हात मागे बांधून उभे. तीस वर्षं सुताच्या पेढीवर हिशेब लिहिलेला माणूस, आधी किमतीचं लेबल वाचतो. मग म्हणाले, "यात बातम्या वेगळ्या येतात का?"

हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न होता, पण मला तो तांत्रिक अर्थाने लागला. मी दुकानदाराला म्हटलं, भाऊ, याला सेट-टॉप बॉक्स लावून मराठी बातम्या दाखवा. तो बघतच राहिला. "साहब, इस पर न्यूज़ कौन देखता है?"

आमच्याकडेच बघतात. दिवसाचे पाच-सहा तास. आणि त्या मराठी बातम्या कशा येतात तेही ऐका. आपण मध्य प्रदेशात, त्यामुळे डिशचं मूळ पॅकेज हिंदी, मराठी वाहिन्या वर निवडून घ्यायच्या. २०१९ पासून प्रत्येक वाहिनीची किंमत वेगळी झाल्यावर अण्णांनी वही घेऊन बसून एकेक वाहिनी निवडली होती. एचडीला जास्त पैसे, म्हणून सगळ्या एसडी. एसडी म्हणजे ७२० गुणिले ५७६, सुमारे सव्वाचार लाख ठिपके. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख. भागाकार करून बघा, बरोबर वीस येतो. म्हणजे वीस ठिपक्यांमागे एकच वाहिनीकडून आलेला, उरलेले एकोणीस टीव्हीने अंदाजाने भरलेले. महागडा टीव्ही अंदाज चांगला करतो, हे कबूल करतो. दुकानात दोन्ही शेजारी लावून बघितले, फरक दिसला. पण ५५ इंचांवर ताणलेलं ते चित्र आमच्या जुन्या ३२ इंचीइतकं नेटकं काही दिसेना.

मग घरी येऊन टेप काढली. दिवाणापासून भिंत साडेसात फूट. जुन्या वस्तीतली घरं, खोल्या लांबट आणि अरुंद, तिथे सोफा मागे सरकवू म्हणायची सोय नाही. इतक्या अंतरावरून चांगल्या नजरेलाही साधारण ०.६५ मिलिमीटरच्या आतले दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. ४३ इंचांच्या साध्या फुल एचडी पडद्यावरचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. म्हणजे त्या दिवाणावरून फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक मला दिसणार नाही, मग दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या अण्णांना कुठून दिसणार? त्यात खोलीला समोर मोठी खिडकी. दुपारी चारला ऊन थेट भिंतीवर. तो लाखाचा काळा रंग त्या उन्हात आरसा होऊन खिडकीच दाखवणार. शिवाय बातम्यांच्या वाहिनीची खालची पट्टी आणि कोपऱ्यातलं बोधचिन्ह रोज सहा तास एकाच जागी. ओलेडवर अशा न हलणाऱ्या गोष्टींचा डाग कायमचा बसू शकतो. कंपन्यांनी त्यावर उपाय केलेत, तरी दिवसभर बातम्या हा त्या पडद्याला सगळ्यात वाईट खुराक.

एक्सेलमधली वरची ओळ खोडली. वाईट वाटलं.

तळातली ओळही त्याच दिवशी गेली, तिला जास्त वेळ लागला नाही. सतरा हजारवाल्याचं बटण दाबलं की तो विचारात पडायचा. एक जीबी मेमरीत तो तरी काय करणार! खोक्यावर एचडीआर छापलेलं, पण त्यासाठी लागणारा उजेड पडद्यात नाही. सर्व्हिस सेंटर इंदूरला. पडदा गेला तर दुरुस्तीचा खर्च जवळपास नव्या टीव्हीइतका, हे मात्र स्वस्त-महाग दोन्हींना लागू आहे.

आता मुख्य गोष्ट. दुकानात दुसऱ्यांदा गेलो तेव्हा अण्णा म्हणाले, "मला चित्र नको दाखवू, नुसतं ऐकव." आणि टीव्हींकडे पाठ करून उभे राहिले. सगळ्यांचा इन्कम टॅक्स खात्याकडून निरीक्षक आल्यासारखा चेहरा झाला. दुकानदाराने एकेक करून बातम्या लावल्या. स्वस्त, मधला, महाग. अण्णांनी तिघांनाही नापास केलं. सव्वा लाखाच्यालाही. "हाही तोंडातल्या तोंडातच बोलतो."

मी अर्धं उत्तर तयार ठेवलं होतं. आमचा पहिला रंगीत टीव्ही १९९६ च्या विश्वचषकाला हप्त्यांवर आला होता. ईडन गार्डन्सवरची श्रीलंकेविरुद्धची सेमीफायनल अर्ध्या गल्लीने आमच्या खोलीत बसून पाहिली, रडणाऱ्या कांबळीसकट. त्या डब्याचे स्पीकर समोर, माणसाच्या तोंडावर असायचे. आताचे टीव्ही बोटाएवढे जाड, स्पीकर खाली किंवा मागे, आवाज भिंतीवर आपटून येतो. तेव्हा अण्णा म्हणतात ते खोटं नाही, साउंडबार घेऊ, असं म्हणायला मी त्यांच्या मागे गेलो आणि म्हटलं, "अण्णा, वेगळा स्पीकर लावला तर?"

उत्तर नाही.

परत म्हटलं. दुकानात तेव्हा एकही टीव्ही चालू नव्हता. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, मी दुकानदाराकडे. मग मी त्यांच्या समोर गेलो, तेच वाक्य त्याच आवाजात बोललो, आणि ते लगेच म्हणाले, "लाव की, पण बिल वेगळं घे."

ते माझे ओठ वाचत होते. किती दिवसांपासून, कोण जाणे. मी फोनवर व्हिडिओ कॉल करायचो म्हणून मला कधी जाणवलं नाही. ताई साधा कॉल करते, ती गेलं वर्षभर म्हणत होती की अण्णा हल्ली फोन लगेच आईकडे देतात, रागावलेत का माझ्यावर?

कानाच्या डॉक्टरांकडे न्यायला तीन दिवस घालवावे लागले. अण्णांचं म्हणणं, बिघाड टीव्हीत आहे आणि तपासणी माझी कशाला. शेवटी आई म्हणाली, "मला सातच्या बातम्या बाहेर बसून बघायच्यात," तेव्हा चप्पल घातली.

तपासणीचा आलेख मला लगेच कळला, कारण तो मीही काढू शकलो असतो. खालचे, जाड स्वर जवळजवळ शाबूत. वरच्या, बारीक स्वरांकडे रेघ घसरत गेलेली. आपल्या बोलण्यात स, श, फ यांसारखी अक्षरं त्या वरच्या पट्टीत असतात. ती गेली की आवाज येतो, शब्द येत नाही. डॉक्टर म्हणाले, "साठ म्हटलं की यांना आठ ऐकू येत असेल." आई एकदम माझ्याकडे वळली. श्रावणात भाजीवाल्याशी हिशेबावरून झालेलं मोठं भांडण आम्ही सगळ्यांनी अण्णांच्या वयाच्या खात्यावर टाकलं होतं. हिशेबात कधी चूक न केलेला माणूस त्यानंतर बाजारात जायचाच बंद झाला होता. म्हणून आवाज वाढवूनही उपयोग नव्हता. सत्तरवर नेला की जाड आवाज आणखी मोठे होत होते, आणि हवं ते अक्षर होतं तिथेच. डॉक्टरांनी घराच्या आसपास काय आहे ते विचारलं, मागांचं नाव निघालं. वयाचा आणि त्या खटखटीचा, दोन्हींचा वाटा असू शकतो म्हणाले.

दोन्ही कानांना मशीन घेतलं. त्याला टीव्हीपेक्षा बरेच जास्त पैसे लागले. एक्सेलमध्ये ही ओळ नव्हती.

टीव्हीचं काय झालं ते राहिलंच. ४३ इंची, मधल्या किमतीचा, २८ हजारांचा, गावात दुरुस्तीला माणूस येतो असा. सोबत एक छोटा साउंडबार. सेटिंगमध्ये जाऊन चालू केला की थेट सेट-टॉप बॉक्सच लागेल असं करून दिलं, नाहीतर आधी चित्रपटांच्या जाहिरातींची भिंत उभी राहते आणि त्यातून बाहेर कसं पडायचं हे विचारायला अण्णा रात्रीपर्यंत माझ्या फोनची वाट बघतात. डिशच्या रिमोटलाच टीव्ही चालू-बंद करणं आणि आवाज शिकवला, दुसरा रिमोट कपाटात. तुमच्या घरी दोन रिमोट असतील तर हे एवढं नक्की करा, अर्धा तास लागतो.

जुना टीव्ही गल्लीतल्या मेकॅनिकने उघडून बघितला. मागची दिव्यांची एक पट्टी गेली होती. बाराशे रुपयांत ग्रहण सुटलं. मी आल्या आल्या त्याला बोलावलं असतं तर दुकानाची पायरी चढलोच नसतो. आता तो वरच्या खोलीत आहे, आईच्या मालिकांसाठी.

मशीन अण्णा दिवसभर घालत नाहीत. भांड्यांचा आवाज फार मोठा येतो म्हणतात. बातम्यांना घालतात, ताईच्या फोनला घालतात, आणि आता बाजारातही घालतात. टीव्हीचा आवाज बावीसवर असतो.

निघायच्या आदल्या रात्री त्यांनी सगळी बिलं मागितली आणि वही काढली. मी शेजारी बसून बघत होतो. ‘टीव्ही’ असं खातं पाडलं. खाली टीव्ही, साउंडबार, पट्टीचे बाराशे, आणि त्याच खात्यात, वेगळी ओळ न सोडता, कानाचं मशीन. मी म्हटलं, अण्णा, हे औषधपाण्यात जायला हवं ना? बेरीज करता करता, वर न बघता म्हणाले, "टीव्हीचाच बिघाड होता."