तीन हजारांच्या अटीत मिलिंद बसले असते का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधल्या एका आकड्याची आपल्या वस्त्यांत फारशी चर्चा झालेली नाही. २०४० पर्यंत प्रत्येक उच्च शिक्षण संस्था बहुविद्याशाखीय व्हावी आणि तिथे तीन हजार किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असावेत, असे उद्दिष्ट त्यात आहे. व्यवहारात याचा अर्थ एकच निघतो: लहान महाविद्यालयांनी वाढावे, नाहीतर कुणात तरी विलीन व्हावे.

हीच फूटपट्टी १९५०च्या औरंगाबादला लावून पाहा. निजामी राजवट संपून दोन वर्षेही झाली नव्हती. पदवीसाठी मराठवाड्यातल्या बहुतेकांना हैदराबाद नाहीतर पुणे-मुंबई गाठावी लागे. भूमिहीन घरातल्या मुलाला तेही शक्य नव्हते. अशा ठिकाणी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे जून १९५० मध्ये महाविद्यालय सुरू केले. इमारतीची कोनशिला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते १ सप्टेंबर १९५१ रोजी बसली. वर्ग आधी, इमारत नंतर. 'मिलिंद' हे नाव तर त्याच्याही पुढचे, आणि मराठवाडा विद्यापीठ १९५८चे. त्या पहिल्या वर्षी तीन हजार विद्यार्थी आणायचे कुठून?

हे रोप तगले ते वसतिगृहामुळे, असे मला वाटते. नागसेनवनात खेड्यातली मुले एकत्र राहिली, जेवली, वाद घालू लागली. ज्यांच्या घरात पुस्तक नव्हते त्यांना पुस्तकावर बोलणारी माणसे चोवीस तास मिळाली. समाजशास्त्रात याला सामाजिक भांडवल म्हणतात. आपली माणसे सरळ 'नागसेनवनातला' एवढेच म्हणतात. प्राचार्य म. भि. चिटणीसांनी तिथे 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. गंगाधर पानतावणे तिथे शिकले, शिकवू लागले, आणि पुढे त्यांनी 'अस्मितादर्श' चालवले. पटसंख्येच्या रकान्यात यातले काहीच दिसत नाही.

नावापुरती उरलेली, प्राध्यापक नसलेली महाविद्यालये आज आहेत, हे खरेच. ती वाचवा असे मी म्हणत नाही. पण धोरणाचे दुसरे उद्दिष्ट जिल्ह्यात किंवा जवळपास एक मोठी संस्था असे आहे. तालुक्याचे महाविद्यालय गेले तर मुलगा कदाचित खोली करून राहील. मुलीचे शिक्षण मात्र शेवटच्या एसटीच्या वेळेवर ठरते. शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर जमा होते, तोवर खोलीभाडे कुणी भरायचे? विलीनीकरणाचा प्रस्ताव आला की पटसंख्येच्या आधी वसतिगृहाच्या जागा किती, त्यात मुलींसाठी किती, हे लेखी मागायला हवे.