मनाईचा अधिकार कोणाचा?

साप्ताहिक सदर : नगरचर्चा

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसले की आपल्या शहराची पावले कर्णपुऱ्याकडे वळतात. बिकानेरच्या राजा कर्णसिंहाच्या नावाने वसलेल्या आणि आज छावणी परिषदेच्या हद्दीत असलेल्या त्या परिसरात तुळजाभवानीच्या दर्शनासाठी लागणारी रांग, दसऱ्याला निघणारा बालाजीचा रथ आणि दिवस मावळताच रोषणाईने उजळणारे आकाशपाळणे, ब्रेक डान्स, टोराटोरा यांची मिळून ती यात्रा होते; औरंगपुरा, गुलमंडी, पैठण गेट येथील कुटुंबांच्या कित्येक पिढ्यांनी आपले शहर उंचावरून प्रथम पाहिले ते तेथील पाळण्यातूनच. या पाळण्याच्या फाटकाशी चाकांच्या खुर्चीवरून आलेला तरुण, कॅलिपर लावलेली मुलगी, किंवा ज्याला ऐकू येत नाही वा दिसत नाही असा मुलगा उभा राहिला, तर त्याचे काय होते, हा आजच्या लेखाचा विषय आहे. बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट घडते: पाळणेवाला हात हलवून नकार देतो, नाहीतर चार माणसे दयाबुद्धीने त्याला उचलून आत बसवतात. नकार आणि दया यांचे परिणाम परस्परविरुद्ध असले, तरी त्यांचे मूळ एकच आहे; दोन्ही निर्णय यंत्राकडे न पाहता, केवळ माणसाकडे पाहून घेतलेले असतात.

मोठ्या क्रीडोद्यानांत नियमांचे फलक असतात. त्यांवर अमुक उंचीखालील मुले, गर्भवती स्त्रिया, हृदयविकाराचे व मणक्याच्या व्याधीचे रुग्ण यांच्या पंक्तीत ‘अपंग व्यक्ती’ असा शब्द पुष्कळदा घातलेला आढळतो. यांतील उंचीची अट मोजता येण्याजोगी आहे, कारण आसनाचा अडसर विशिष्ट मापाच्या देहालाच धरून ठेवू शकतो. हृदयरोग्याला दिलेल्या इशाऱ्यालाही शरीरशास्त्राचा आधार आहे. परंतु आपल्याकडच्या दिव्यांग हक्कांच्या अधिनियमाने अपंगत्वाचे जे एकवीस प्रकार मानले आहेत, त्या एकवीस प्रकारच्या माणसांना एकाच शब्दात बाहेर ठेवण्याला कोणत्या शास्त्राचा आधार आहे? आकाशपाळणा संथ गतीने फिरतो; त्यात धोका असतो तो चढता-उतरताना, मध्येच उभे राहण्यात आणि वीज गेल्यावर वर अडकलेल्यांना खाली आणण्यात. बहिऱ्या माणसाला त्यापासून वेगळा असा कोणता धोका आहे? सूचना हाताच्या खुणेने दिली की त्याची अडचण सरते. अंध माणसाला बसण्यापूर्वी दांडी, पट्टा आणि पायरी हाताने चाचपू दिली व पाळणा केव्हा सुटेल आणि केव्हा थांबेल हे सांगितले, तर तो इतरांइतकाच सुरक्षित राहतो. याउलट ब्रेक डान्ससारख्या यंत्रात शरीर वेगाने कडेला फेकले जाते व हातांनी घट्ट धरून, पाय रोवून तोल सावरावा लागतो; तेथे ज्याच्या हातांत पकड नाही किंवा ज्याला मान व धड सावरता येत नाही, त्याला खरोखरच इजा होऊ शकते, मग त्याच्याजवळ अपंगत्वाचा दाखला असो वा नसो.

मनाईच नको, असे मात्र मी म्हणत नाही. 8 जुलै 2011 रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, डॅरियन लेक येथील उद्यानात, इराकच्या युद्धात दोन्ही पाय गमावलेला एक सार्जंट रोलर कोस्टरमध्ये बसला आणि धावत्या गाडीतून बाहेर फेकला जाऊन मरण पावला. त्या यंत्राचा अडसर मांड्यांवर टेकणारा होता. गाडी चढणीवरून एकाएकी खाली झेपावते तेव्हा देह आसनावरून उचलला जातो, आणि त्याला मांड्यांवरच्या दांडीने अडवून धरावे अशी ती रचना होती. मांड्याच नसल्यावर दांडीने धरावे काय? बसणाऱ्याला दोन्ही पाय असले पाहिजेत असा त्या उद्यानाचा नियम होता, परंतु तेथील नोकरांनी त्याला बसू दिले. देशासाठी अंग गमावलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणे कोणालाही जड जाईल, हे मी समजू शकतो. पण तो नियम यंत्राच्या रचनेतून निघालेला होता, आणि अशा नियमाची अंमलबजावणी करण्यात कसूर झाली की तिची किंमत प्राणांनी मोजावी लागते.

जो नियम यंत्र मोजून केला असेल तो कठोर असला तरी न्याय्य असतो, आणि जो न मोजता केला असेल तो सौम्य शब्दांत सांगितला तरी अन्यायच असतो. अमेरिकेच्या संघीय नियमांत हेच तत्त्व स्पष्ट लिहिले आहे: सुरक्षिततेच्या अटी प्रत्यक्ष धोक्यावर आधारलेल्या असाव्यात, अपंगांविषयीच्या तर्कावर, साचेबंद समजुतींवर किंवा सरसकट विधानांवर नसाव्यात. जन्मतः एक हात नसलेल्या एका गृहस्थाला फ्लोरिडातील जलोद्यानात पाण्यावरच्या घसरगाडीत बसू दिले गेले नाही. निर्मात्याच्या सूचना पाळण्यास राज्याचा कायदा सांगतो, एवढेच कारण उद्यानाने पुढे केले. आणि तेवढे कारण पुरेसे नाही, ती अट खरोखरच आवश्यक आहे हे दाखवले पाहिजे, असा निर्णय तेथील संघीय अपील न्यायालयाने 2023 मध्ये दिला.

आपल्याकडचा कायदा याहून मागे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याच्या तिसऱ्या कलमानुसार, संबंधित कृती एखाद्या योग्य उद्दिष्टासाठी प्रमाणशीर उपाय आहे असे सिद्ध झाल्याखेरीज अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येत नाही. म्हणजे सिद्ध करण्याचा बोजा नकार देणाऱ्यावर आहे, नकार सोसणाऱ्यावर नाही. त्याच अधिनियमाचे एकोणतिसावे कलम सांस्कृतिक जीवन व मनोरंजन यांतील सहभागाचे आहे, आणि भारताने 2007 मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातील तिसाव्या अनुच्छेदानेही करमणूक व क्रीडा यांतील सहभाग हक्क म्हणून मान्य केला आहे. 2012 मध्ये मेंदूच्या पक्षाघाताने बाधित असलेल्या जीजा घोष यांना कोलकात्याहून गोव्याला निघालेल्या विमानातून उतरवण्यात आले. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमान कंपनीला दहा लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम केला. त्यांच्या प्रकृतीची नीट शहानिशा न करता केवळ त्यांच्या दिसण्यावरून निर्णय झाला होता. विमानाच्या दारात जे गैर ठरले, ते पाळण्याच्या फाटकात रास्त कसे ठरेल?

जत्रेतल्या पाळणेवाल्याची कैफियतही ऐकली पाहिजे. तो गावोगाव फिरतो, लोखंड उतरवतो, पुन्हा जोडतो, आणि अपघात झाला तर प्रथम त्यालाच अटक होते. म्हणून ज्याच्याविषयी शंका येते त्याला तो दूर ठेवतो. पण त्याच्या शंकेचे खरे उत्तर यंत्राच्या तपासणीत आहे. 14 जुलै 2019 रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळील उद्यानात झोके घेणारे यंत्र तुटून पडले, दोघे मृत्युमुखी पडले आणि पंचवीसहून अधिक माणसे जखमी झाली. तेथे अपघाताचे कारण बसणाऱ्यांच्या शरीरात नव्हते; यंत्राच्या तुटलेल्या लोखंडात होते. ज्या यंत्राचा निर्माता कोण, ते किती जुने, त्याचा अडसर किती वजन व किती वेग सोसतो हे मालकालाच ठाऊक नाही, त्या यंत्रात धडधाकट माणसालाही बसवता कामा नये. अशा यंत्राच्या फाटकात अपंगाला अडवणे म्हणजे इतरांच्या सुरक्षिततेचा खोटा भास निर्माण करणे होय.

मग व्यवस्था कोणती असावी? सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाना देण्यासाठी नियम करण्याचा अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या तेहतिसाव्या कलमात आहेच. त्या परवान्याच्या अर्जातच प्रत्येक यंत्राची मोजमापे मागवावीत, आणि त्या यंत्रावर बसणाऱ्याला नेमके काय जमले पाहिजे हे लिहून घ्यावे: दोन्ही हातांनी धरता येणे, मान सावरता येणे, पाठ टेकून सरळ बसता येणे, मांड्यांनी दांडी अडवता येणे, यांपैकी जे खरोखर लागते तेवढेच. तोच मजकूर मोठ्या मराठी अक्षरांत फाटकावर लावावा, म्हणजे आपल्या देहाची मर्यादा सर्वांत अधिक जाणणारा माणूस, अर्थात तो स्वतः, शांतपणे निर्णय करू शकेल. नकार दिलाच, तर त्याचे कारण दोन ओळींत लिहून देण्याचे बंधन असावे. वीज गेल्यास वर अडकलेल्यांना कसे उतरवायचे, याची तालीम यात्रेपूर्वी अधिकाऱ्यांसमक्ष व्हावी. आणि किमान एका आकाशपाळण्यापर्यंत चाकांची खुर्ची नेता येईल असा सपाट रस्ता व उतरण करावी.

हे अशक्य नाही. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे गॉर्डन हार्टमन यांनी आपल्या दिव्यांग मुलीच्या नावाने 2010 मध्ये ‘मॉर्गन्स वंडरलँड’ हे उद्यान सुरू केले. तेथे चाकांच्या खुर्चीसह चक्रीत बसता येते आणि दिव्यांगांना प्रवेश विनामूल्य आहे. आपल्या यात्रेतील लोखंडी पाळण्यांकडून इतकी अपेक्षा आज कोणी करणार नाही. परंतु 2011 च्या जनगणनेत ज्या राज्यात सुमारे 29 लाख 63 हजार दिव्यांग मोजले गेले, ज्या राज्याने 2022 मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग स्थापन केला आणि जेथील स्थानिक संस्थांना आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात, तेथे एक उतरण, एक फलक आणि एक तपासणी ही तजवीज फार मोठी म्हणता येणार नाही.

छावणी परिषद, पोलीस आयुक्तालय आणि जिल्हाधिकारी यांना माझी विनंती आहे की, पुढील नवरात्रापूर्वी परवान्याच्या अटींत एवढी भर घालावी. आणि वाचकांना विनंती ही की, फाटकात कोणाला अडवलेले दिसले तर त्याच्यासाठी पाळणेवाल्याशी भांडू नये, त्याला उचलून आत बसवूही नये, मनाईचे कारण मात्र अवश्य विचारावे. ज्याने आपले यंत्र मोजले आहे त्याला ते सांगता येईल. ज्याला सांगता येणार नाही, त्याच्या पाळण्यात आपल्या मुलांनाही बसवू नका.

— नगरवासी, औरंगपुरा