भोंगऱ्या म्हणजे आदिवासींचा व्हॅलेंटाईन नव्हे

होळीला आठवडा उरला की मथळे ठरलेले: ‘आदिवासींचा व्हॅलेंटाईन डे’, ‘पान द्या, पळवून न्या’. खाली फोटो कुणा पावरा मुलीचा, तिला न विचारता काढलेला. आणि शिरपुरातले आपण लोक तो बिनदिक्कत फॉरवर्ड करतो, जणू बोराडी, पळासनेर परदेशात आहेत.

भोंगऱ्या हा बाजार आहे. होळीआधीच्या आठवड्यात ज्या गावाचा जो बाजारवार, त्या दिवशी तिथे भोंगऱ्या. लोक सणाचं सामान घ्यायला येतात: गूळ, डाळ्या, खजूर, साखरेचे हार-कंगन, कापड, घुंगरं. पाड्यापाड्यांवरून भलेमोठे ढोल येतात, सोबत थाळी, बासरी, पावरी. पोरंपोरी नटूनथटून येतात, एकमेकांकडे बघतात. बघणारच! गरब्यात काय वेगळं होतं? लग्नाचं म्हणाल तर पावरा समाजात त्याला देज आहे, पंच आहेत, दोन्ही घरच्या बैठका आहेत. पळून जाणारी जोडपी शिरपूरच्या एसटी स्टँडवरूनही जातात. म्हणून स्टँडला कुणी प्रेमाचं तीर्थ म्हणत नाही. आदिवासी संघटना हे सांगून थकल्या, पण मथळा काही बदलत नाही. कारण गूळ-डाळ्यांवर क्लिक मिळत नाही.

पोशाखाचंही तेच. अक्कलकुव्याजवळच्या काठीच्या राजवाडी होळीत बुध्या दिसतो: डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, अंगभर पांढरी नक्षी, कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरं. ते सोंग हौसेचं नसतं. त्यामागे नवस असतो, पाळणूक असते; तेवढे दिवस खाटेवर झोपायचं नाही, बायकोपासून लांब राहायचं. तोच बुध्या भर पावसाळ्यात कुणा पुढाऱ्याच्या स्वागताला स्टेजसमोर नाचवला जातो, आणि आपण ‘संस्कृती जपली’ म्हणून टाळ्या वाजवतो. चीड येते ती इथे.

दुसऱ्याचा सण असा आपल्या सोयीने वाचायची खोड फक्त आपली नाही. कॅरिबियनमधल्या त्रिनिदादचा कार्निव्हलही उपासाच्या काळाआधीचा, सोंगांचा आणि ढोलांचा. गुलामगिरीतून सुटलेल्यांनी तो रस्त्यावर आणला, तेव्हा इंग्रज राज्यकर्त्यांना तो असभ्य वाटला. १८८१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यांवर पोलीस आणि मशालवाले भिडले. १८८४ मध्ये ढोल वाजवण्यावर कायद्याने बंधनं आली. लोकांनी बांबू आपटून ताल धरला, पुढे तेलाच्या पिंपांतून स्टीलपॅन घडवलं. आज ते त्या देशाचं राष्ट्रीय वाद्य आहे.

आपल्याकडे कायद्याची गरजच पडत नाही. डीजेची ट्रॉली पुढे आली की ढोलवाला गप्प होतो. आणि तुमच्या रीलवर ढोलाचा मूळ आवाज बंद करून वर सिनेमाचं गाणं चढवलेलं असतं. पावरी वाजवणारा त्यात दिसतो, गाल फुगवून वाजवतोय, पण ऐकू येत नाही. हे तर आपण स्वतःच्या अंगठ्याने करतो ना?

यंदा भोंगऱ्याला गेलात तर आधी पावशेर डाळ्या घ्या. ढोल कुठल्या पाड्याचा ते विचारा. फोटो काढायचा तर तिला विचारून काढा, आणि ती नाही म्हणाली तर फोन खिशात ठेवा. रील टाकलंच, तर आवाज तिथलाच राहू द्या.