कार्यशाळांनी संग्रहालयाचा मान घटत नाही



‘सुट्टीतल्या कार्यशाळांमुळे संग्रहालयांचे गांभीर्य हरवते’ हे गेल्या आठवड्यातील पत्रलेखकांचे मत पटले नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाची फिरती बस २०१५ पासून शाळांपर्यंत जाते, तर २०१९ पासून तेथे मुलांचे स्वतंत्र संग्रहालय आहे. त्याने तिथल्या शिल्पांची वा लघुचित्रांची प्रतिष्ठा तसूभरही घटलेली नाही.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते, वज्र्या, दिवे ही तर घराघरांत वापरलेली चीजवस्तू. काचेआडचा अडकित्ता पाहून नातवंडांना त्याचा उपयोग उमगत नाही. शेजारी उभ्या आजीने सांगितला की उमगतो. कौटुंबिक उपक्रमांत नेमके हेच साधते. स्वतः माती मळलेले मूल मृण्मूर्तीपाशी अधिक वेळ रेंगाळते.

मूळ वस्तूंना धक्का लागू नये, ही पत्रलेखकांची काळजी रास्तच आहे. त्यासाठी पूर्वनोंदणी, लहान गट आणि हाताळायला प्रतिकृती हे उपाय आहेत. दार बंद करणे हा नव्हे. जिल्ह्याजिल्ह्यांतील संग्रहालयांनीही दिवाळीच्या व उन्हाळी सुट्टीत असे उपक्रम घ्यावेत आणि पालकांनी मुलांसोबत आवर्जून जावे, ही विनंती.

– एक वाचक, पुणे