चार वर्षे टिकेल असा लॅपटॉप

बारावीचा निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या, की घराघरांत वह्या-पुस्तकांच्या आधी लॅपटॉपची चर्चा होते. दुकानदार म्हणतो, ‘आय-सेव्हनच घ्या’. मुलाचा मित्र म्हणतो, ‘ग्राफिक्स कार्ड हवेच’. वडील किमतीकडे पाहतात आणि आई विचारते, ‘हा चार वर्षे चालेल ना?’ या चौघांत नेमका प्रश्न आईचाच असतो. पुष्कळ घरी ही खरेदी शैक्षणिक कर्जातून होते. अभ्यासक्रमासाठी संगणक आवश्यक असेल, तर त्याचा वाजवी खर्च कर्जात धरण्याची सोय अनेक बँकांच्या योजनांत आहे. परतफेड मात्र सामान्यतः शिक्षण संपल्यावर सुरू होते. तिसऱ्या वर्षीच यंत्र निकामी झाले, तर हप्ते भरायचे ते हाती नसलेल्या वस्तूचे!

निवड करताना एक भेद ध्यानी घ्यावा. लॅपटॉपचे काही भाग पुढे बदलता किंवा वाढवता येतात, काही कधीच येत नाहीत. जे बदलता येत नाहीत त्यांवर आज पैसे खर्च करावेत. जे बदलता येतात त्यांत आज काटकसर केली तरी चालते.

या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ठरते ती रॅम. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम पुरते असे मायक्रोसॉफ्ट सांगते, पण ते केवळ यंत्र सुरू होण्यापुरते. ब्राउझरमध्ये पंधरा-वीस पाने उघडी, एका बाजूला व्याख्यानाचा व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला प्रकल्पाचा अहवाल, एवढ्यातच ८ जीबी भरत येते. शिवाय स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये चित्रांचे कामही याच रॅममधून वाटा घेते. म्हणून आज १६ जीबी हीच किमान मर्यादा समजावी. ॲपलनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकबुक एअरची मूळ रॅम ८ वरून १६ जीबी केली. ‘आता ८ घ्या, पुढे वाढवू’ हा सल्ला मोकळा स्लॉट असेल तरच खरा. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते. कंपनीच्या माहितीपत्रकात ‘सोल्डर्ड’ किंवा ‘ऑनबोर्ड’ हा शब्द आहे का, ते दुकानात जाण्यापूर्वीच पाहावे.

साठवणुकीचे तसे नाही. एसएसडी हवीच, परंतु ५१२ जीबी पुरे. बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये ती पुढे बदलता येते. मॅकबुक घेणाऱ्यांनी मात्र रॅम आणि साठवण दोन्ही पहिल्याच दिवशी ठरवावी.

प्रोसेसरच्या बाबतीत आय-फाइव्ह की आय-सेव्हन यापेक्षा तो कोणत्या पिढीचा आहे, हे पाहणे अधिक हिताचे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, तेव्हा इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतची बहुतेक यंत्रे विंडोज ११ च्या अधिकृत यादीबाहेर राहिली. त्यांतली कित्येक उत्तम चालत होती. जुन्या साठ्यावरची मोठी सवलत म्हणूनच नीट तपासावी. इंटेलच्या आय-फाइव्ह १२३५यू या नावातील पहिले दोन आकडे बारावी पिढी दाखवतात. एएमडीचे काही क्रमांक अधिक फसवे आहेत. रायझेन ५ ७५२०यू आणि ७५३०यू ही नावे जुळ्या भावांसारखी दिसतात, पण पहिल्याची रचना २०१९ साली आलेल्या झेन-२ ची आणि दुसऱ्याची त्यानंतरच्या झेन-३ ची. त्या मालिकेत पिढी तिसऱ्या आकड्यात दडलेली असते.

ग्राफिक्स कार्डाचा निर्णय मित्रांवर नव्हे, अभ्यासक्रमावर सोपवावा. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याला रेव्हिट आणि त्रिमितीय चित्रणासाठी, यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला सॉलिडवर्क्ससाठी त्याचा खरा उपयोग होतो. ही दोन्ही विंडोजवरच चालतात. तेव्हा येथे मॅकबुकचा मोह टाळावा. वाणिज्य शाखेला टॅली आणि एक्सेल पुरते, त्यासाठी कार्डाची गरज नाही. संगणक शाखेतही प्रोग्रामिंगला ते लागत नाही, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्राथमिक प्रयोग गूगल कोलॅबवर ब्राउझरमधूनच करता येतात. गेमिंग लॅपटॉप दोन किलोंहून जड, त्याचा चार्जरही अवजड, आणि बॅटरी दिवसभराच्या तासिकांना क्वचितच पुरते. अभ्यासाच्या नावाखाली घेतलेले ते कार्ड पुढे कोणत्या कामी येते, हे पालकांना सांगायला नको.

येथे थोडे स्पष्ट लिहितो. मुलासाठी ऐंशी हजारांचे यंत्र आणि मुलीला ‘घरातला जुना चालेल’, हा हिशेब अजून काही घरांत मांडला जातो. वास्तुशास्त्राला जाणाऱ्या मुलीची गरज वाणिज्यला जाणाऱ्या भावापेक्षा मोठी असते; तुलना त्या गरजांचीच व्हावी.

वसतिगृहात राहणाऱ्याने वजन दीड किलोच्या आसपास, पडदा १९२० गुणिले १०८० चा आयपीएस आणि चार्जिंग टाइप-सी पोर्टवरून होणारे पाहावे. बॅटरी हा झिजणाराच भाग आहे. ती ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय असल्यास वापरावी, आणि तिसऱ्या वर्षी ती बदलण्याचा खर्च आजच हिशेबात धरावा. सॉफ्टवेअरसाठी दुकानदाराला वेगळे पैसे देऊ नयेत. ऑटोडेस्क आपली ऑटोकॅड, रेव्हिट यांसारखी सॉफ्टवेअर विद्यार्थी असल्याची खात्री पटल्यावर मोफत देते, आणि अनेक महाविद्यालयांच्या ई-मेलवर ऑफिसही मिळते.

हमी बहुधा एकच वर्षाची असते. पडणे किंवा पाणी सांडणे यांवरील संरक्षण वेगळे घ्यावे लागते, तेही ठरावीक मुदतीतच. सांगलीहून पुण्याला जाणाऱ्या मुलासाठी सेवा केंद्र पुण्यात हवे. घराजवळच्या दुकानाचा तेथे उपयोग नाही. खरेदीनंतर पहिल्याच आठवड्यात कंपनीच्या संकेतस्थळावर यंत्राचा अनुक्रमांक घालून हमीची तारीख पाहावी. ती कधी कधी माल कारखान्यातून निघाल्यापासून मोजलेली आढळते. जीएसटीचे बिल दाखवून ती खरेदीच्या दिवसापासून करून घ्यावी.