चिखल लाल कसा होतो?

आपल्या ड्रॉइंगमध्ये एका चिन्हाचा अर्थ एकच. दोन निघाले तर शीट परत! म्हणूनच कुणी म्हणतं, साहित्य म्हणजे नुसता शब्दांचा फुलोरा. मला हे पटत नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या कळंब तालुक्याचे लेखक भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा घ्या. भाव पडलेले टोमॅटो शेतकरी भर बाजारात पायाखाली तुडवतो. 'टोमॅटोचे नुकसान' म्हटलं असतं तर ती बातमी झाली असती. 'लाल चिखल' म्हटल्यावर रंग टोमॅटोचा आणि रक्ताचाही. चिखल बाजारातला आणि राबलेल्या रानातलाही. शब्द दोनच, तेही रोजचे. पण शेजारी आले की घाम, राग, अपमान सगळं बोलायला लागतं.

नळदुर्गच्या किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून बोरीचं पाणी दोन ठिकाणी कोसळतं. आपल्या पुस्तकात ते सांडवे. लोकांनी 'नर-मादी' म्हटलं आणि पाण्याला जोडी मिळाली!

हॉस्टेलात गावाकडची बोली बोलायला लाजणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. चंदनशिवांची माणसं पुस्तकी मराठी बोलली असती, तर तो चिखल आपल्याला एवढा लाल दिसला नसता.