सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रज कोण होणार? टेबलावरच्या लढाईत बाजू आणि नेता निवडताना

गेल्या दिवाळीत भाच्यासोबत अंगणात किल्ला केला. माती, विटा, पोत्याचं कापड, वर पेरलेले मोहरीचे कोंब, आणि महालातल्या चितार ओळीतून आणलेले मावळे. किल्ला झाल्यावर त्याने अर्धा तास मावळे इकडून तिकडे हलवले आणि कंटाळला. कारण सरळ होतं. सगळे मावळे आपलेच. लढणार कोणाशी?

म्हणून मी त्याला म्हटलं, आपण लढाईच करू. आपल्याच गावातली, सीताबर्डीची. तू कंपनीकडून, मी भोसल्यांकडून. त्यावर तो जे बोलला तोच या लेखाचा विषय आहे.

"मामा, मी काऊन इंग्रज होऊ?"

जगभर छोट्या पुतळ्यांच्या लढायांचे जे खेळ चालतात, त्यातला पहिला निर्णय हाच असतो. कोणती बाजू घ्यायची आणि तिचा नेता कोण. फासा टाकण्याआधीच डावाचा बराचसा रंग इथे ठरतो. यूट्यूबवर या प्रश्नाचं उत्तर म्हणून बहुतेक वेळा एक तक्ता दाखवतात: अमुक फौजेचा विन रेट इतका, तमुकचा तितका, वरची घ्या. मी रोज डेटासोबत काम करतो, तरी मला हे उत्तर अपुरं वाटतं. का, ते सांगतो.

आधी थोडं खेळाबद्दल

पुतळ्यांच्या लढाईचे खेळ नवे नाहीत. एच. जी. वेल्स या लेखकाने १९१३ मध्येच खेळण्यातल्या शिपायांसाठी नियमांचं पुस्तक काढलं होतं. आज या धंद्यातलं सर्वांत मोठं नाव म्हणजे इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप. त्यांचा 'वॉरहॅमर ४०,०००' हा खेळ १९८७ चा. त्यात मोठाल्या फौजा लागतात. म्हणून त्याच विश्वातला एक छोटा खेळ आहे, 'किल टीम'. फौज नाही, एक टोळी. डझनभर किंवा त्याहूनही कमी पुतळे, जेवणाच्या टेबलावर मावेल एवढा पट, एका बैठकीत निकाल. त्याची नवी आवृत्ती २०२४ मध्ये आली. अशा छोट्या चकमकींच्या खेळांना स्कर्मिश गेम म्हणतात.

बुद्धिबळात दोन्हीकडे सोळा मोहरे आणि तेही सारखेच. इथे तसं नसतं. एका बाजूकडे सहा तगडे योद्धे, तर दुसरीकडे दहा-बारा हलके. दोन्ही बाजू वेगळ्या असूनही डाव बरोबरीचा व्हावा, ही कसरत खेळ बनवणाऱ्याला करावी लागते. गेम्स वर्कशॉपने जाहीर केलेलं लक्ष्य असं की प्रत्येक फौजेचा विन रेट ४५ ते ५५ टक्क्यांच्या पट्ट्यात असावा. कोणी त्याबाहेर गेलं की नियमांत दुरुस्ती येते, आपल्या ॲपला अपडेट येतं तशीच.

इथेच तक्ता बघून फौज घेणारा फसतो. आज जी सगळ्यांत वर आहे, तीच पुढच्या दुरुस्तीत खाली ओढली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त. पुतळे मागवायचे, जोडायचे, रंगवायचे, यात दोन महिने जातात. तोवर तक्ता बदललेला. प्रॉडक्शनला कोड टाकेपर्यंत लायब्ररीची आवृत्ती जुनी व्हावी, तसं.

विन रेट किती खरा?

आकड्याबद्दल एक साधी गोष्ट. समजा एखादी फौज २० पैकी १२ डाव जिंकली. विन रेट ६० टक्के. पण एवढ्या कमी डावांवरून खरा दर किती, याचा ९५ टक्के खात्रीचा पट्टा साधारण ३९ ते ७८ टक्के निघतो. म्हणजे ती फौज दुबळीही असू शकते आणि भारीही. २०० पैकी १२० जिंकली तर मात्र पट्टा ५३ ते ६७ पर्यंत आवळतो. तेव्हा कुठे ती सरस आहे असं म्हणता येतं.

ही चूक मी स्वतः केली. सीताबर्डीचा खेळ आम्ही घरी बनवला तेव्हा पहिल्या पाच डावांपैकी चार भोसले जिंकले. मी लगेच त्यांचे पुतळे कमी केले. नंतर कागदावर हिशेब मांडला. नुसतं नाणं पाच वेळा उडवलं, तरी एकच बाजू चार किंवा पाच वेळा पडण्याची शक्यता ३७.५ टक्के असते. म्हणजे मी नाण्याच्या लहरीवर नियम बदलले होते. पुतळे परत ठेवले.

सीताबर्डी: १३ ला १

आता मूळ लढाई. २६ नोव्हेंबर १८१७, संध्याकाळ. नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले आणि कंपनीचा रेसिडेंट जेनकिन्स यांचं बिनसलं होतं. रेसिडेन्सीला लागून दोन टेकड्या, एक मोठी आणि एक लहान. त्यांवर लेफ्टनंट कर्नल स्कॉटच्या हाताखाली कंपनीची साधारण १,४०० माणसं, त्यातली बहुतेक आपलेच देशी शिपाई. भोसल्यांची फौज १८,००० च्या आसपास सांगतात, त्यात तीनेक हजार अरब. जवळपास १३ ला १.

रात्रभर गोळीबार चालला. २७ तारखेला सकाळी अरबांनी लहान टेकडी घेतली. कंपनीचा खेळ संपल्यात जमा होता. दुपारपर्यंत मात्र चित्र पालटलं आणि भोसल्यांची फौज मागे हटली. कंपनीचे मेलेले आणि जखमी मिळून ३६७.

१३ ला १ असून निकाल उलटा कसा? फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने १९१६ च्या पुस्तकात मांडलेलं गणित इथे कामाला येतं. मोकळ्या मैदानात सगळेच सगळ्यांवर नेम धरू शकतात, तेव्हा ताकद संख्येच्या वर्गाने वाढते. आमच्या खेळात भोसल्यांचे १६ पुतळे आणि कंपनीचे ८. मैदानात सारख्याच दर्जाचे हे दोन गट भिडले तर ८ संपेपर्यंत १६ पैकी जवळपास १४ उरतात. २५६ वजा ६४ म्हणजे १९२, त्याचं वर्गमूळ १३.९. पण अरुंद चढावर जितके समोरासमोर मावतील तितकेच लढतात. तिथे हिशेब साध्या वजाबाकीचा: १६ वजा ८, उरले ८. फौज तीच, जागा बदलली आणि संख्येचा फायदा आटला.

म्हणून बाजू निवडताना पहिला प्रश्न 'कोणाकडे माणसं जास्त' हा नाही. पट कसला आहे आणि जिंकायचं म्हणजे नक्की काय करायचं, हा आहे. आमच्या खेळात कंपनीला भोसल्यांची फौज संपवायची नसते, फक्त सहाव्या फेरीअखेर मोठी टेकडी हातात ठेवायची असते. भोसल्यांना ती घ्यायची असते. बरोबरी आम्ही पुतळे मोजून साधली नाही, तर दोन बाजूंना दोन वेगळी कामं देऊन.

नेता म्हणजे सर्वांत ताकदवान पुतळा नव्हे

'कॅप्टन निवडा' हे आपल्याकडे आता घरोघरी माहीत आहे, ते फँटसी क्रिकेटमुळे. ड्रीम इलेव्हनमध्ये कॅप्टनचे गुण दुप्पट, व्हाइस कॅप्टनचे दीडपट. तिथे नेता म्हणजे गुणाकाराचं चिन्ह. जो जास्त धावा काढेल असं वाटतं, तो कॅप्टन. त्याच्या कॅप्टन असण्याने बाकीचे दहा जण वेगळं खेळत नाहीत.

पुतळ्यांच्या खेळात नेता नियम बदलतो. 'मालिफॉ' नावाच्या खेळात नेता ठरला की त्याच्या गटातली माणसं ठरल्या किमतीत मिळतात, गटाबाहेरच्यांना सहसा जास्त मोजावं लागतं. म्हणजे नेता निवडला की अर्धी टोळी निवडल्यासारखीच. किल टीममधल्या 'एंजल्स ऑफ डेथ' या संघात कॅप्टन घ्यायचा की सार्जंट, हा पर्याय असतो. कॅप्टन एकटा दणकट असतो, तर सार्जंटमुळे अख्ख्या संघाच्या डावपेचांत फरक पडतो. नवखा खेळाडू कॅप्टनच उचलतो, कारण पुतळा रुबाबदार दिसतो.

सीताबर्डीत हा फरक प्रत्यक्ष दिसतो. सकाळी लहान टेकडी गेल्यावर बंगाल घोडदळाच्या तीन तुकड्यांचा कॅप्टन फिट्झगेराल्ड याने पुढे घुसण्याची परवानगी मागितली. जायचं तर स्वतःच्या जबाबदारीवर जा, अशा अर्थाचं उत्तर आलं म्हणतात. तो गेला, समोरचं घोडदळ उधळलं, तोफा हिसकावल्या आणि त्या उलट फिरवल्या. ते पाहून टेकडीवरच्या शिपायांना धीर आला. त्यातच अरबांच्या बाजूला दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि कंपनीने लहान टेकडी परत घेतली.

आमच्या खेळात त्याचा नियम असा: डावात एकदा फिट्झगेराल्ड पाळी नसताना हलू शकतो, पण आधी फासा टाकायचा. १ किंवा २ पडला तर तो गेला. स्वतःच्या जबाबदारीवर, म्हणजे तीनात एकदा मरण.

भोसल्यांकडे नेता कोण घ्यायचा? भाच्याचं उत्तर अर्थातच 'राजे'. पण लढाईनंतर अप्पासाहेबांनी, हल्ला आपल्या हुकमावरून झाला नाही, अशी भूमिका घेतली. जो राजा हल्ला आपला मानत नाही, त्याला पटावर कसा ठेवायचा? म्हणून आम्ही दोन पर्याय ठेवले. अरबांचा जमादार घेतला तर चढावरचे पुतळे घट्ट राहतात. घोडदळाचा सरदार घेतला तर मैदानातले पुतळे भराभर हलतात. दोन्ही फायदे एकदम मिळत नाहीत. भोसल्यांकडून खेळताना मला दर डावात हीच अडचण येते.

आत्ताच का?

कारण खेळांचं गणित सध्या बदलतंय. २२ ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. कॅप्टन निवडून पैसे लावणारे ॲप थांबले. घरच्या टेबलावर, पैसे न लावता खेळलेल्या डावाचा त्या कायद्याशी संबंध नाही. त्यानंतर महिन्याभराने, २२ सप्टेंबरपासून, बुद्धिबळ, कॅरम, लुडोसारख्या पटावरच्या खेळांचा आणि इलेक्ट्रॉनिक सोडून बाकी खेळण्यांचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला.

मग परदेशी पुतळेही स्वस्त झाले का? तसं नाही. खेळण्यांवरची आयात ड्यूटी २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेली आणि २०२३ मध्ये ७० वर. जीएसटीतली सात टक्क्यांची सूट त्यापुढे किती, ते तुम्हीच बघा. नागपुरात बसून तक्ता बघत दर तीन महिन्यांनी फौज बदलणं हा पगारदार माणसाचा खेळ नाही. आमचे पहिले दहा डाव शर्टाच्या बटणांवर झाले. मग एका मित्राच्या थ्रीडी प्रिंटरवर काही पुतळे काढले, आणि मोठ्या टेकडीवर अजूनही चितार ओळीतले दोन मावळे उभे आहेत, मापात बसत नसले तरी.

मग निवडायचं कसं?

माझा क्रम असा. आधी ठरवा की ज्यांच्यासोबत खेळणार आहात, त्यांच्याकडे कोणती बाजू नाही. सगळेच मावळे असतील तर डाव होत नाही. मग त्या बाजूने तीन डाव बटणांवर खेळा, पैसे नंतर खर्च करा. नेता निवडताना त्याच्या स्वतःच्या ताकदीआधी, त्याच्यामुळे बाकीच्यांना काय करता येतं ते वाचा. आणि विन रेट बघायचाच असेल तर आधी विचारा, किती डावांवरून?

भाचा शेवटी कंपनीकडून खेळला. एक डाव, तोही माझ्यावर उपकार म्हणून. पाचव्या फेरीत त्याने फिट्झगेराल्डचा फासा टाकला, ५ आला, आणि माझी मैदानातली फळी मोडली. टेकडी त्याच्याकडे राहिली. मला वाटलं उड्या मारेल. तो पटाकडे बघत बसला आणि म्हणाला, "मामा, तुझ्याकडे तर डबल होते. मग आपण हरलो काऊन?"

खेळताना तो इंग्रज होता, तरी 'आपण' म्हणाला. किल्ल्यावर नुसते मावळे मांडून हा प्रश्न त्याला पडला नसता. तो समोरच्या बाजूला बसल्यावरच पडला.

सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे, वर्षातून तीनच दिवस लोकांना उघडतो: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. पुढच्या खेपेला त्याला वर घेऊन जाणार आहे. दोन टेकड्यांमधलं अंतर आम्ही पटावर अंदाजाने धरलंय. ते पावलांनी मोजून घ्यायचंय.